उर्वरित चाकांचा खुलासा

अन्यायाची चीड माणसाला उपजतच असते. ती दिवसाच्या कोणत्या वेळेत आणि खिडकीच्या कोणत्या बाजूला यावी, एवढंच ठरवायचं राहून गेलेलं आहे. परवाना शाखेतल्या खिडकी क्रमांक चारचे कारकून, ज्यांना सगळं कार्यालय शिक्केमामा म्हणतं, त्यांच्यापुरता हा प्रश्न निकाली निघाला होता. त्यांना चीड संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळेत, घरी, संगणकासमोर येत असे. (रविवारी सकाळीही.)

संगणक मेहुण्याचा जुना. त्याने तो आणून दिला तेव्हा त्यात एक गेम होता. सहाशे वर्षांपूर्वीचं कुठलंसं राज्य, त्यात तटबंदीची गावं, जंगलं, चिखलाचे रस्ते. कुठंही जा, कोणाशीही बोल, कोणी अडवणार नाही. "दाजी, यात सगळं अगदी खऱ्यासारखं आहे बरं का," मेहुणा म्हणाला. शिक्केमामा हसले. खऱ्याला ते अठ्ठावीस वर्षं ओळखत होते.

पण मेहुणा खोटं बोलला नव्हता. गेममधल्या माणसाला भूक लागते. शिळा पाव खाल्ला की त्याचं पोट बिघडतं. दोन दिवस अंघोळ केली नाही तर बाजारातल्या बायका नाक धरून बाजूला होतात. पावसात चाललं की जोडे फाटतात, आणि फाटके जोडे बघून पहारेकरी एकेरीत बोलतात. सुरुवातीला धंदा निवडायचा असतो. मेहुण्याने शिपाईगिरी सुचवली, कारण त्यात लवकर मारामारी मिळते. शिक्केमामांनी चाकू-तलवारींना धार लावणाऱ्याचा धंदा निवडला. त्यासाठी परवाना लागतो असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि परवाना या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

अशा रीतीने खांद्यावर धारेचं चाक घेतलेला एक गरीब होतकरू इसम त्या राज्यात दाखल झाला. त्याला गेममध्ये एक परकं नाव होतं. शिक्केमामा त्याला "आपला माणूस" म्हणत.

आपला माणूस धार काय सुंदर लावायचा! एका बटणाने चाक फिरवायचं, माउसने पात्याचा कोन धरायचा, ठिणग्या पिवळ्या पडल्या म्हणजे बरोबर, लाल पडल्या म्हणजे पातं गेलं. शिक्केमामांनी सरावाच्या टप्प्यात तीन आठवड्यांत ही कला आत्मसात केली. याच काळात पलीकडे स्वयंपाकघरात शिक्केमामी (हे पद लग्नाने मिळतं, बिनपगारी आहे) टोमॅटो चिरत असत. चाकू इतका बोथट झाला होता, की टोमॅटो चिरला जात नसे. तो दबायचा, आणखी दबायचा, आणि शेवटी कंटाळून आपण होऊन फुटायचा.

चाकूला धार का नव्हती, यालाही कारण होतं आणि ते कारण खिडकी क्रमांक चारच्या डाव्या खणात होतं.

कोपऱ्यावर दर मंगळवारी धारवाले काका बसत. वय सत्तरीचं, चाकाच्या आवाजाने एक कान गेलेला, लाकडी घोडीवर बसवलेलं पायाने फिरवायचं एक चाक, एवढाच संसार. त्यांच्या परवान्याची मुदत संपली आणि पथकाने ते चाक उचलून जप्त साहित्य भांडारात नेलं. नियम सोपा आहे. नव्वद दिवसांत नवा परवाना दाखवा, चाक घेऊन जा. नाही दाखवलात तर चाक भंगारात. काकांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. अर्ज शिक्केमामांकडे आला.

फिरता व्यवसाय परवान्याच्या नमुन्यात रकाना अकरा आहे: 'चाकांची संख्या'. त्यापुढे पर्याय छापलेले आहेत: (अ) दोन, (ब) तीन, (क) चार. हा नमुना ज्या विद्वानांनी केला त्यांच्या डोळ्यांसमोर हातगाड्या होत्या. धारवाले काकांनी तिन्ही पर्याय सोडून बाजूला पेनाने लिहिलं, 'एक'. शिक्केमामांनी नियमानुसार त्रुटी काढली: 'उर्वरित चाके कोठे आहेत, याचा सविस्तर खुलासा करावा.' काकांनी खुलासा दिला: 'उर्वरित चाके नाहीत. कधीच नव्हती.' त्यावर शिक्केमामांनी लिहिलं: 'नसल्याचा पुरावा जोडावा.' हा शेरा इतका निर्दोष होता की शेजारच्या खिडकीने तो आपल्या वहीत उतरवून घेतला.

"अहो, त्या काकांचं काय झालं?" शिक्केमामी अधूनमधून विचारत.

"प्रक्रियेत आहे."

"म्हणजे कुठं?"

"प्रक्रियेत," शिक्केमामा म्हणत, आणि संगणक सुरू करत.

कारण तिकडे आपल्या माणसाची परिस्थिती गंभीर झाली होती. गावाच्या वेशीवर एक लेखनिक बसत असे. परवाना त्याच्याकडून घ्यायचा. त्याने सांगितलं, की अर्जदाराला किमान सात वर्षं ओळखणाऱ्या गावातल्या दोन प्रतिष्ठितांची साक्ष आणा. आपला माणूस गावात येऊन दोन दिवस झाले होते. त्याने तसं सांगितलं. लेखनिक म्हणाला, "मग पाच दिवस कमी सात वर्षांनी या." (हिशेब चुकीचा होता. पण चुकीच्या हिशेबावर ठाम राहणं ही त्या पेशाची पहिली पायरी आहे.)

गेममध्ये अशा वेळी तीन मार्ग असतात: तलवार, थैली आणि वाट पाहणं. एका पाहणीनुसार (पाहणी मेहुण्याने केली, नमुन्यादाखल मेहुण्याचे चार मित्र) पंचाहत्तर टक्के लोक लेखनिकाचं मुंडकं उडवतात, पंचवीस टक्के त्याला थैली देतात. वाट पाहणाऱ्यांचं प्रमाण शून्य आहे. शिक्केमामांनी वाट पाहण्याचं ठरवलं. सहव्यवसायी माणसाचं मुंडकं उडवणं त्यांना जमेना, आणि थैली देण्याची त्यांना सवय नव्हती.

वाट पाहायला वेगळं बटण असतं. दाबलं की सूर्य झरझर वर चढतो, झरझर खाली उतरतो, आणि त्याच गतीने पोट रिकामं होतं.

सुरुवातीला शिक्केमामांनी लेखनिकाकडे एक जाणकार म्हणून पाहिलं. माणूस कसबी होता. समोर कोणी आलं की आधी लेखणी खाली ठेवायचा. अर्ज उलटा धरून वाचायचा आणि उलटाच परत द्यायचा. दुपारच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत त्याचं एकच उत्तर, "साहेब जेवायला गेलेत." साहेब कोण, कुठं, आणि इतकं काय जेवतात, ताकास तूर लागू द्यायचा नाही. शिक्केमामांनी यातली लेखणीची क्लृप्ती दुसऱ्या दिवशी खिडकी चारवर करून पाहिली. रांग आपोआप विरळ झाली. सहाशे वर्षं टिकलेली विद्या काही उगाच टिकत नाही.

पण नवव्या दिवशी आपल्या माणसाने पोटासाठी तलवार विकली. अकराव्या दिवशी जोडे विकले. अनवाणी, कळकट अवस्थेत तो वेशीवर उभा राहिला, आणि लेखनिक त्याच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या या."

"अरे, माणूस आहेस की दगड!" शिक्केमामा ओरडले. "त्याचं हातावर पोट आहे रे! एक शिक्का मारायला तुझं काय जातं?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. "कोणाला बोलताय?" शिक्केमामींनी विचारलं.

"त्या कारकुनाला!"

थोड्या वेळाने आतून एक टोमॅटो फुटल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी शेवट झाला. चौदाव्या दिवशी आपल्या माणसाने खांद्यावरचं चाकसुद्धा विकलं. त्याचा मोबदला म्हणून दोन पाव मिळाले. ते खाऊन तो वेशीवर गेला, तर लेखनिकाने लेखणी उचलली, शिक्का मारला आणि परवाना त्याच्या हातात ठेवला. पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली: 'सबुरी पदक'. आता त्याला गावात कुठंही धार लावायला पूर्ण मुभा होती. धार लावायचं चाक मात्र नव्हतं. तो तसाच कागद धरून चिखलात उभा राहिला.

शिक्केमामा रडले. खोटं कशाला सांगा, अगदी खांदे हलवून रडले. त्यांना जेवण गेलं नाही. दुपारभर ते घरच्या खिडकीत बसून होते, आणि जगात इतकी निष्ठुर माणसं कशी असतात, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. संध्याकाळी त्यांना एकदम आठवलं, की मागचा टप्पा जपून ठेवलेला आहे. तिथून पुन्हा सुरू करता येतं. आपला माणूस परत वेशीच्या बाहेर उभा, खांद्यावर चाक, पायात जोडे. शिक्केमामांना हायसं वाटलं.

सोमवारी धारवाले काका खिडकीशी आले. "मामा, आज नव्वदावा दिवस. पुरावा काय आणू सांगा. नसलेली चाकं मी कुठून दाखवू?"

शिक्केमामांचे डोळे अजून सुजलेले होते. त्यामुळे ते नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलले. "काका, असं करा, नव्याने अर्ज करा. पहिल्यापासून सुरुवात करायची, त्यात काय एवढं! मी कालच केली."

"मी सत्तरीचा आहे हो," काका म्हणाले. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. पण हे त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"पुढचे!" शिक्केमामा म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

पुढचे म्हणून जी व्यक्ती आली तिने खिडकीच्या फळीवर एक चाकू ठेवला. चाकू ओळखीचा होता. शिक्केमामांनी मान वर केली. शिक्केमामी हातात टोकन क्रमांक सदतीस घेऊन उभ्या होत्या.

"अगं, तू इथं?"

"याला धार लावून द्या," त्या म्हणाल्या. "रोज अडीच तास तेच करता ना घरी? मी ऐकते."

"ते वेगळं. ते खरं नाही."

"मग काल जेवला का नाहीत?" शिक्केमामींचा आवाज काही फार चढला नाही, पण रांगेतल्या प्रत्येकाला पोचला. "तो नसलेला माणूस उपाशी राहिला, तर तुम्हाला घास उतरला नाही. हा असलेला आहे. अजून जिन्यापाशी आहे, हाक मारा."

खिडकी क्रमांक चारच्या इतिहासात पुढची घटना नोंदवून ठेवण्यासारखी आहे. शिक्केमामांनी डावा खण उघडला. अर्ज काढला. रकाना अकरासमोर, (क) चार यानंतर, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं, '(ड) एक'. खाली शेरा मारला: 'उर्वरित चाके नाहीत, याची खात्री पटली.' मग शिक्का मारला. शिक्का सरळ बसला. रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. (त्याला शांतता राखण्याची समज देण्यात आली.) बारा वाजून पन्नास मिनिटांनी परवाना धारवाले काकांच्या हातात होता. काकांनी सवयीने कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहिला.

तिघंही भांडारात गेले. ते तळमजल्यावरच, मागच्या अंगणात आहे. भांडारपालाने परवाना वाचला, तारीख पाहिली, वही उघडली.

"नव्वद दिवस म्हणजे जप्तीचा दिवस धरून नव्वद," तो म्हणाला. "काल भरले. आज सकाळी साडेदहाला गाडी येऊन गेली भंगाराची."

"अहो, पण दिवस मोजताना पहिला सोडायचा असतो!" शिक्केमामा म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"बघा जरा. माणसाचं हातावर पोट आहे."

"अर्ज करा," भांडारपाल म्हणाला, आणि पेन खाली ठेवलं. "साहेब जेवायला गेलेत."

धारवाले काका परवाना धरून अंगणात उभे राहिले. कामाची वेळ होती, शिक्केमामा खिडकी चारवर परतले. शिक्केमामी काकांना जिन्यापाशी नेऊन बसवून आल्या, आणि चाकू पदरात गुंडाळून घरी गेल्या.

संध्याकाळी सहाला शिक्केमामांनी संगणक सुरू केला. आपला माणूस वेशीबाहेर तयारच होता. या खेपेला शिक्केमामांनी लेखनिकाला एक शब्दही बोलायची संधी दिली नाही. सरळ तलवार चालवली. पाहणीच्या ताज्या आकडेवारीनुसार हे प्रमाण आता ऐंशी टक्क्यांवर गेलं आहे. मग चाकाचा घरघर आवाज बराच वेळ येत राहिला, ठिणग्या पिवळ्या पडत होत्या. स्वयंपाकघरात शिक्केमामींनी टोमॅटो हातानेच कुस्करला.

शेवटी एक खुलासा आवश्यक आहे. या कथेतले धारवाले काका काल्पनिक आहेत, शिक्केमामांच्या आपल्या माणसाइतकेच. त्यांच्यासाठी ज्या वाचकांचा जीव तुटला असेल, त्यांची हळहळ नियमानुसार दप्तरी दाखल करून घेण्यात आली आहे. मात्र आपण हे पान वाचत असताना टेबलाच्या पलीकडे मघापासून जे कोणी कागद धरून ताटकळत आहे, ते काल्पनिक नाही. मान वर करायची घाई नाही. कथा संपली आहे, पण ते उद्याही येतील.