कडं काळं पडलं नाही

खुशालरावांचे व्याही भगवंतराव दोन मुक्काम करून बाळापुराहून आले, ते लेक सुभद्रेला पहिल्या आखाडासाठी माहेरी न्यायला. सोबत विहीण गोदाबाई. अशा पाहुण्यांना बोकडाचं जेवण कोणीही घातलं असतं. कुठल्याशा अमेरिकेत साहेब-साहेब आपसांत लढत होते, त्यामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि नांदगाव खंडेश्वराच्या बाजूचे कुणबी जरीची पागोटी बांधून वखर हाकत होते. खुशालरावांना काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. त्यांनी सात्यांचा बेत जाहीर केला. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळातून उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. त्या बाजारात मिळत नाहीत. हुडकाव्या लागतात आणि मुख्य म्हणजे ओळखाव्या लागतात.

"मी घेऊन येतो ना," त्यांची बायको मनकर्णा आतून म्हणाली. "मले जागा ठावं हाये."

"तुले काय कयते?" खुशालराव पाहुण्यांदेखत म्हणाले. "इवाई, आज माह्या हातच्या सात्या खा!"

टोपलं घेऊन ते शेतावर गेले, तेव्हा त्यांना आठवलं की धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जुनं वारूळ आता नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून गेल्या साली त्यांनीच ते खणून टाकलं होतं. दुसरं वारूळ काही सापडेना. रिकाम्या टोपल्यानं घरी जायचं म्हणजे नाक कापून घेणं. शेवटी कुजलेल्या कडब्याच्या गंजीमागे छत्र्यांचं रानच दिसलं. चांगल्या पांढऱ्या, जाडजूड, आणि प्रत्येकीच्या दांड्याला एक नाजूक कडं. कापसाच्या दिवसांत सात्यांनीही दागिने केले असतील, एवढंच खुशालरावांच्या मनात आलं. टोपलं भरून आणून त्यांनी चुलीपाशी ठेवलं आणि मिशीवर हात फिरवत ते पाहुण्यांत जाऊन बसले.

दुपारी पाटावर भगवंतराव, शेजारी खुशालराव, पलीकडे त्यांचाच मुलगा आणि सुभद्रेचा नवरा पंजाबराव. भाजीचा असा वास सुटला होता की व्याह्यांनी दोनदा आवंढा गिळला. तेवढ्यात दाराआडून गोदाबाईंचा आवाज आला.

"थांबा जी! आमच्या गावात मांगल्या साली अशाच सात्या खाऊन एक घरच्या घर आडवं झालं. सात्या नव्हत्याच त्या, कुत्र्याच्या छत्र्या होत्या म्हने. नरडीले कडं असलेल्या."

खुशालरावांना आपल्या टोपल्यातल्या छत्र्या आठवल्या. कडं! पण लगेच त्यांना उपाय सुचला. जुनी माणसं सांगत आली होती की विषारी भाजीत चांदी टाकली की ती काळी पडते.

"चांदी टाकून पाहा ना!" ते घाईघाईनं म्हणाले. "शंका कायले ठेवता?"

"तेच म्हनतो मी," गोदाबाई म्हणाल्या. "सुभद्रे, हातातलं कडं काढ बाई. तुह्या सासऱ्यानं घातलेली चांदी आज कामाले येऊ दे."

आणि खुशालराव पुरते अडकले. कारण त्या कड्यात चांदी नव्हती. होता तो वरचा कथलाचा मुलामा, आत निव्वळ तांबं.

लग्नाच्या खरेदीला ते अमरावतीच्या सराफ्यात गेले होते. बैलजोडीच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या आणि सुनेला चांदीची कडी, असा विचार होता. पण शेंब्या त्यांनी मनासारख्या जड घेतल्या आणि मग सराफ हळूच म्हणाला होता, "पाटील, बैल पोळ्यात सारा गाव पाहते. सुनेचं कडं कोन कसाले लावून राह्यलं?" पुढच्या साली बदलून देऊ, असं मनाशी म्हणत त्यांनी मुलाम्याची कडी बांधून घेतली. ते पुढचं साल अजून उगवायचं होतं.

"इहीनबाई, माह्याजवळ रुपाया हाये," ते कमरेचा कसा चाचपत म्हणाले. "रुपाया टाकू."

"बापा! साऱ्या मुलुखाच्या हातातला रुपाया अन् अन्नात?"

सुभद्रा कडं काढेना. मान खाली घालून तिनं हात पदराआड घेतला. शेवटी आईनंच ते पदराआडून ओढून काढलं, धुतलं आणि भाजीच्या मोठ्या भांड्यात, गंजात, सोडलं. थोड्या वेळानं पळीनं वर काढलं, तर जसंच्या तसं पांढरं.

"पाहा, लखलखून राह्यलं!" गोदाबाई म्हणाल्या. "वाढा आता."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, खुशालरावांचा तेवढा भांड्याबाहेर राहिला. मुलाम्याच्या कड्याला विष काय आणि वरण काय! पाणी मागायच्या निमित्तानं उठून त्यांनी गंजाला मुद्दाम पाय मारून पाहिला, तर कलंडलं ते कढीचं पातेलं. "भुकेनं डोये फिरले वाट्टे," व्याही हसले. पानं वाढून झाली. भगवंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडाकडे नेला.

खुशालरावांनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"खाऊ नका इवाई! थे कडं खोटं हाये!"

घास खाली पडला. बोलायला सुरुवात झालीच होती, तेव्हा खुशालरावांनी सगळं सांगून टाकलं, शेंब्यांसकट. आपल्याच घरात, आपल्याच पाटावर बसून त्यांना चोरासारखं वाटत होतं.

"बैलायले खरी चांदी," गोदाबाई सावकाश म्हणाल्या, "अन् माह्या पोरीले तांबं?"

"माय, राहू दे," सुभद्रा म्हणाली. तिच्या मनगटावर कड्याच्या मापाची हिरवी रेघ उठली होती. ती झाकायचा तिनं प्रयत्न केला, पण आईनं हात धरलाच. "मले पयल्या पंधरवड्यातच समजलं होतं. बाया विचारत, तं गोंदन हाये म्हनून सांगो."

खुशालरावांना वाटलं, गोदाबाईंनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ही पोर त्यांचा खोटेपणा स्वतःच्या अंगावर गोंदवून घेऊन चार महिने गावात वावरत होती. त्यांची मान जी खाली गेली, ती वर येईना.

"फेका ते भाजी," ते कसेबसे म्हणाले. "इषारी हाये. म्या आनलेल्या छत्र्यायच्या नरडीले कडं होतं."

"तुमी आनलेल्या तं म्या तवाच उकिरड्यावर टाकल्या," मनकर्णा चुलीपुढून म्हणाली. "ह्या माह्या हायेत. नाल्याकाठच्या वारुळातून आनल्या. चार लोकायत तुमी 'माह्या हातच्या' म्हनलं, म्हनून गप होतो. सारे जन चांदी पाहून राह्यले, सात्या कोनी पाह्यल्याच नाही. चांदीले काय कयते?"

म्हणजे सगळी कबुली फुकट गेली होती! भगवंतरावांनी एकदा व्याह्यांकडे, एकदा भाजीकडे पाहिलं आणि पडलेला घास पुन्हा उचलला. ते तीनदा भाजी मागून जेवले. खुशालराव मात्र कोरडी भाकरी कुस्करत बसले.

निघताना गोदाबाई छकड्यात बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "आखाड सरल्यावर पोरीले धाडाचं का नाही, थे आमी पाहू."

पोळ्याच्या दिवशी गावाच्या तोरणाखाली बैल उभे राहिले. कोणाच्या शिंगांना चांदी, कोणाच्या झुलीला जर. खुशालरावांच्या जोडीच्या शिंगांना तेवढा साधा हिंगूळ फासलेला. गावच्या नत्थुजींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंच.

"काहो खुशालराव, शेंब्या कुठी गेल्या?"

तोरणाच्या पलीकडेच, घरासमोर, बैलांच्या पूजेचं ताट घेऊन सुभद्रा उभी होती, दोनच दिवसांपूर्वी सासरी परत आलेली. तिच्या हातातली नवी कडी इतकी जड होती की ताट धरताना मनगट वाकत होतं. खुशालराव खाली पाहत म्हणाले,

"भाजीत पडल्या."