मुंडाशातली फणी

आमच्या आळीतले पुरुष मुंडाशात विडी खोचत, फार तर एखादं सोनचाफ्याचं फूल. महादूतात्या फणी खोचत. लाकडी, दोन्ही बाजूंनी बारीक दातांची, तेल पिऊन पिऊन काळी झालेली. लग्नाच्या पंगतीतही ती तिथंच असायची. कुणी हसलं की म्हणायचे, "हसा, हसा. खाज सुटली का माज्याच पडवीत याल."

आणि यावं लागायचंच! मी परकर नेसून मराठी शाळेत जात होते त्या दिवसांतली ही गोष्ट, तिसाच्या सालाआधीची. रेवस बंदराच्या अलीकडं आमचं गाव. तात्यांची नारळ-सुपारीची वाडी आमच्या घराला लागूनच होती. शाळेत मुली मोजक्या, पण एका पाटावर डोक्याला डोकं लावून बसायच्या, त्यामुळे एकीच्या उवा शनिवारपर्यंत सगळ्यांच्या व्हायच्या. मुलगे सुटले होते. न्हावी येऊन शेंडीपुरतं ठेवून बाकीचं साफ करून जायचा. मास्तरांचा उपाय सोपा होता. जी खाजवेल तिला दाराशी बसवायचं. दाराशी बसलेली मुलगी घरी जाताना तात्यांना सापडली नाही, असं कधी झालं नाही.

तात्या मुलींच्या तोंडाकडं बघतच नसत, भांगाकडं बघत. मला वाटतं, आम्हाला ते पाठीमागूनच ओळखायचे. "काय गो, वस्ती हाय?" म्हणून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता मुंडाशातली फणी काढायचे. "बस."

एकदा बसलं की सुटका नव्हती. आधी कापूर घातलेलं खोबरेल चोपडायचे, मग एकेक बट धरून मुळापासून फणी ओढायचे. डोळ्यांत पाणी यायचं. पण तात्यांचं तोंड चालू असायचं. मोठ्या काळ्या उवेला ते पाटील म्हणत, बारकीला कोतवाल आणि लिखा म्हणजे रयत. "हा बग, पाटील गावला!" की अंगठ्याच्या नखावर 'चट्'. "पाटील मारून भागत न्हाय गो. रयत ऱ्हायली तर पुडच्या आटवड्याला नवा पाटील उबा." म्हणून पुढच्या आठवड्याला पुन्हा बोलवायचे. आम्ही वाट वाकडी करून वालाच्या शेतातून पळायचो, तर तात्या बांधावर उभे.

घासलेटाचं नाव काढलं की मात्र त्यांचा तोल जायचा. "दिव्यात घालायचं ते पोरीच्या डोक्यात घालताव? डोकं हाय का कंदील?" स्वतः त्यांनी एकदा सीताफळाच्या बिया वाटून बघितल्या होत्या. तो हात डोळ्याला लागला, आणि डोळे असे सुजले की वाडीतल्या रहाटाचा बैल त्यांना ओढत घरी घेऊन आला. "पोरीच्या डोक्याला लावायच्या आदी माज्यावर आलं, बरं झालं," एवढंच म्हणाले.

ती पोर म्हणजे तानू, त्यांची एकुलती एक. तानूची आई तापात गेली तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. आईविना मुलीच्या केसांचं जे व्हायचं ते झालं. डोकं उवांनी भरलं. तात्यांची बहीण न्हाव्याला घेऊनच आली. म्हणाली, "करून टाक गोटा, कोन करनार तिची येनीफनी?" तात्यांनी न्हाव्याला नारळ देऊन वाटेला लावलं. "तिच्या आयशीचे केस हायत ते," म्हणाले, आणि आमच्या आईकडं येऊन खाली बसले. "वयनी, मना येनी घालाया शिकवा." आई सांगायची, रहाट हाकणारा तो एवढा मोठा पुरुष सुंभाच्या तीन पेडांवर वेणी गिरवत बसायचा. आळी हसली. तात्या म्हणाले, "उवंला ठाऊक न्हाय बाप कोन नि आय कोन." पुढं हे त्यांचं पालुपदच झालं.

तानूचे केस गुडघ्यापर्यंत आले. मग तिचं लग्न झालं, गिरगावातल्या एका चाळीत. जावई गिरणीत होता. पाठवणीच्या पेटीत तात्यांनी लुगड्यांच्या घडीत नवी फणी ठेवली.

त्यानंतर आमचे हाल वाढले. साफ डोकंसुद्धा तात्या बघायचे आणि बघताना एकदम गप्प असायचे. वारा तिकडून असला की रेवसला लागणाऱ्या बोटीचा भोंगा आमच्या आळीत ऐकू येई. तात्या रहाट थांबवायचे. बंदरावरून येणाऱ्या गाड्या न थांबता निघून जायच्या, मग बैल पुन्हा चालायला लागायचा. सासू आजारी, मग दिराचं लग्न, मग पावसात बोट बंद. दिवाळी गेली तरी तानू आली नाही.

आली ती शिमग्याच्या आधी. अंगावर मुंबईचं पातळ, केसांचा अंबाडा, वासाचं तेल. तात्या अंगणात उभे राहिले, पण जवळ गेले नाहीत. आळीतल्या बायकांनी आधीच बजावलं होतं, की आता ती परक्याची, बापानं डोक्याला हात लावणं बरं दिसत नाही. आणि आमच्याकडं तर माहेरवाशिणीला आईनं न्हाऊ घालायची रीत! तात्यांनी मुंडाशातली फणी काढून आमच्या आईच्या हातात दिली. "वयनी, तुमीच घाला तिला न्हाऊ," म्हणाले आणि वाडीत गेले. रिकाम्या मुंडाशानं जाणारे तात्या मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू का यावं ते तेव्हा कळलं नाही.

आईनं तानूला न्हाऊ घातलं, केस विंचरले. फणीत काही म्हणता काही आलं नाही. डोकं आरशासारखं स्वच्छ.

तात्या परतले तेव्हा तानू पडवीच्या पायरीवर बसली होती. त्यांना बघितलं आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं खाजवायला सुरुवात केली. "तात्या, बोटीत कोनाच्या शेजारी बसले कोन जाने. डोकं नुस्तं भरलंय!"

आईनं तिच्याकडं एकदा बघितलं. फणी तात्यांच्या पुढं केली.

"व्हय?" तात्या म्हणाले. त्यांनी फणी घेतली. कुंपणापलीकडच्या बायकांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "उवंला काय ठाऊक, सासर कंचं नि माहेर कंचं!" आणि तिच्यामागं वरच्या पायरीवर बसले.

मग तेच तेल, तीच एकेक बट, पण फणी इतकी हळू की तानूची मान मागं झुकेना. "हा बग, पाटील गावला!" चट्. "हा कोतवाल." चट्. मी वाकून बघितलं. नख कोरडं होतं. मी सांगायला गेले तर आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची आठवण अजून आहे. तानूचे डोळे मिटलेले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. फणी ओढल्यामुळं नव्हे, हे मलाही कळत होतं.

आज माझे केस पिकले, विरळ झाले. कुणी "बस" म्हणत नाही. कधीकधी दुपारी उगाच डोकं खाजवते आणि पडवीच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहते.

त्या दिवशी उन्हं कलली तरी तात्यांना पाटील सापडतच होते. दिवेलागणीला केस विंचरायचे नसतात, म्हणून शेवटी आई म्हणाली, "तात्या, फनी ठेवा आता."

"एक ऱ्हायलाय वयनी. मोटा हाय, पळतोय."

तानूनं मागं हात नेऊन त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या तात्या त्याला," ती म्हणाली, "पुडच्या खेपेला लागंल."