फुटका पडदा आणि कंडक्टरसाहेब

लॅपटॉप झाकायच्या आधी आमचे त्र्यंबकराव त्याच्या बटनांवर वाकतात आणि विचारतात, "उतरले का सगळे?" मग बोटानं एकेक ओळ चाचपतात. पेन, टाचणी, शेंगदाण्याचं टरफल, काही सापडलं नाही तरच झाकण खाली येतं. तेही दोन्ही हातांनी, निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. आता दुसरबीडला आमच्या शेजारी राहून पेन्शन खातात, पण गाडीतून अजून उतरले नाहीत.

लॅपटॉप कोणाचा का असेना, काळजी यांना. समोरच्या पोरीनं एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं तर म्हणाले, "कोंबडीचा पंख धरल्यावानी काऊन धरलं वं? मधात धर." काच पुसायची ती जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यानं, ओलं फडकं घेणारा माणूस त्यांच्या लेखी बिनतिकीट. एका लग्नात नवरानवरीवर अक्षता टाकायच्या सोडून फोटोवाल्याच्या लॅपटॉपवर कोणी ठेवलेली नारळाची पिशवी उचलायला धावले. अशा माणसाला कोण घरी बोलावणार? त्यांच्याकडेही कोणी जात नाही. लग्न केलं नाही, घरात दुसरं माणूस नाही. मीही त्यांना दारातूनच वाटेला लावायचो.

माझ्याकडचा लॅपटॉप मुलाचा जुना. माझी बायको शांता गेली, तेव्हा त्यात तिचा एक व्हिडिओ उरला. मुलाचा मोबाईल हरवला, म्हणून दुसरीकडे तो कुठंच नाही. शांता शेवया करते आहे आणि नातवाला म्हणते आहे, "बंद कर बाप्पा थे, माह्या तोंडाले पीठ लागलं हाय." बस, एवढंच. रोज संध्याकाळी लावायचो. माझं शिक्षण बेताचं, तेवढं एकच बटन मला कळतं.

खंडेनवमीला शांता घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी, आणि लॅपटॉप आल्यापासून शेवटी लॅपटॉप. यंदा मी केली. तिच्यासारखाच बटनांवर सुपारीचा गणपती मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. नंतर फूल उचललं, सुपारी राहिली, आणि वरून झाकण दाबलं. करकन आवाज आला. उघडून बघतो तर काचेवर कोळ्याचं जाळं, आणि त्याखाली शाई सांडल्यासारखं काळं. व्हिडिओ लावला. काहीच दिसेना. शांता दुसऱ्यांदा मेली, असं वाटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

टॉवेलात गुंडाळून लॅपटॉप त्र्यंबकरावांच्या दारात नेला. वाटलं, हा माणूस आता मला सोलून काढतो. त्यांनी झाकण उघडलं, सुपारी उचलून तळहातावर ठेवली.

"गणपती आतच राह्यला व्हय?"

एवढंच बोलले. मला बाजेवर बसवलं आणि स्वतः टीव्हीच्या मागं शिरले. एका वायरीचं एक टोक टीव्हीला लावलं, दुसरं लॅपटॉपला.

"रडू नोको, भाऊ. पडदा फाटला. सिनेमा जिता हाय."

टीव्हीवर शांता आली. चांगली मोठी. भुवईवरचं पीठसुद्धा दिसलं, ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. त्र्यंबकराव आमच्याकडे पाठ करून चहा ठेवायला गेले. या माणसाचे उपकार मी कुठं फेडू?

नवी काच त्यांनीच मेहकरच्या दुकानात सांगून ठेवली. काच येईपर्यंत लॅपटॉप हलवायचा नाही, तडा वाढतो, असा त्यांचा हुकूम. म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो. शांताचं बोलणं संपलं की आम्ही बोलायचो. ते मला गाडीतल्या गमती सांगायचे. कधी कधी मला हसू यायचं.

मग एकदा औषधासाठी मेहकरला गेलो, तर लॅपटॉपच्या दुकानदारानं ओळखून हटकलं. म्हणाला, आजोबा, काच तर केव्हाचीच येऊन पडली. कंडक्टरसाहेबाले फोन केला, तं म्हणे राहू दे सध्या, घाई नाही.

तिथून काच घेऊन येता आलं असतं. मी औषध घेतलं आणि बस धरली.

संध्याकाळी गेलो. दोन कप मांडून ठेवलेले. मी काही विचारायच्या आधीच, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "काच येऊनच नाही राह्यली, भाऊ. नागपूरहूनच उशीर हाय."

"येऊ द्या सावकाश," मी म्हणालो आणि बाजेवर पाय वर घेऊन बसलो.