शिवकांताकाकूंची डावी भिवई

शिवकांताकाकूंना कशाचंच नवल वाटायचं नाही, पण चेहरा मात्र चोवीस तास नवल वाटल्यासारखा. कारण डावी भिवई. ती उजवीपेक्षा चांगली बोटभर वर होती, आणि रंगानं हिरवट.

सिरसाळ्यात आमच्या शेजारी त्यांचं बांगड्यांचं दुकान, मागं घर. गावात केबल आली, मालिकांतल्या बायकांच्या कोरीव भिवया घरोघर दिसू लागल्या आणि काकूंना स्वतःच्या विरळ भिवया सलू लागल्या. नारायणगडाच्या जत्रेत बॅटरीच्या मशीनवर गोंदणारा बसला होता. उजवी झकास झाली. डावीला सुई लागताच कळ येऊन काकूंचं त्या बाजूचं कपाळ खाली आक्रसलं. त्यानं तशीच, उजवीच्या रेषेत गोंदून टाकली. कपाळ सैल झालं आणि भिवई वर गेली.

"बसंल हळूहळू खाली," असं म्हणून त्यानं पैसे खिशात घातले. पाच-सहा वर्षं झाली. भिवई बसली नाही, काळ्याची हिरवी तेवढी झाली.

तोटाच झाला असं नाही. भाजीवालीनं वांग्यांचा भाव सांगितला की काकू नुसतं बघत. "बरं, रुपया कमी द्या, पन असं बघू नगा!" मी बी.ए. फर्स्ट क्लास आहे हे त्यांना सांगताना माझी मलाच शंका आली होती. कुणी खुलासा करू लागलं की त्या म्हणत, "मला काय बी वाटलं न्हाई बाबा, तोंडच तसं हाय."

मग दिंद्रुडला त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान वारले. काकू एसटीत रडत गेल्या. दारात पोचल्या तर अक्कांनी मान वर करून बघितलं आणि भिवई ठाऊक असूनही दुःखाच्या भरात म्हणाल्या, "तुला कावून नवल वाटाय लागलंय गं? माझा मानूस गेला हे खोटं वाटतंय?" आणि भिंतीकडं तोंड केलं. नेहमीचं ते वाक्य काकूंना त्या दिवशी काही केल्या बोलता आलं नाही.

त्यानंतर जाणं-येणं बंद. पंचमीला बोलावणंही आलं नाही. काकूंनी भिवईच्या मागं हात धुऊन लागायचं ठरवलं. लिंबू-मीठ चोळलं, स्नो थापला. परळीच्या पार्लरवालीनं पेन्सिलीनं दोन्ही भिवया सारख्या करून दिल्या, त्या घामानं दुपारपर्यंत गालावर उतरल्या. शेवटी बाजारातल्या एका म्हातारीनं गोंदण जाळायला बिब्बा सांगितला. काकूंनी तो लावला. दुसऱ्या दिवशी कपाळ पुरीसारखं फुगलं, डोळे मिटले. मी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर माझ्यावरच उखडले, "मास्तर, तुम्ही तरी शिकलेले ना?"

दिंद्रुडला एसटीडीवरून मीच निरोप दिला. काकूंना सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अक्का आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय गं करून घेतलंस हे?"

काकूंचे डोळे उघडत नव्हते. आवाजावरून ओळखून त्या धडपडत उठून बसल्या.

"तुझ्या दारात यायजोगतं तोंड करत होते, अक्का."

अक्कांनी पिशवी तिथंच टाकली. काकूंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालू लागल्या. मलमाची डबी फळीवर ठेवून मी बाहेर आलो आणि दुकानाची फळकुटं ओढून घेतली.