आ करा म्हणणारे अप्पा

माणूस दारात आला की लोक रामराम म्हणतात, शरणार्थ म्हणतात, पाणी विचारतात. आमच्या समोरचे अप्पा म्हणायचे, "आ करा!" आधी तोंड उघडायचं, मग बसायचं. मग तो सोयरा असो नाहीतर बांगड्या भरणारा कासार.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी नळदुर्गला नवी नवरी म्हणून आले होते. अप्पा बैलबाजारातले दलाल. बैलाचा ओठ उचलून वय सांगावं ते त्यांनीच. ती सवय माणसांपर्यंत कशी आली, देव जाणे! खिशात कायम एक वाटोळा आरसा. समोरच्याला सावलीत बसवायचं, आपण उन्हात उभं राहायचं आणि आरशाचा कवडसा थेट पडजिभेपर्यंत सोडायचा. "नोड्री, नोड्री! बघा की, गाल कसा लालभडक! झकास!" असं कानडी-मराठी कालवून बोलायचे. पांढरा डाग दिसला की मात्र ओल्या फडक्यानं पुसून बघायचे. निघाला तर "ताक प्यालात, जावा!" नाही निघाला तर त्या माणसाची खैर नव्हती. तंबाखूची डबी जप्त, आणि सोलापूरचा डॉक्टर गाठेपर्यंत पाठलाग.

आता आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी, उठल्यापास्नं निजेपर्यंत. एक दिवस ठेचा खाताना कळवळल्या. मी भीत भीत अप्पांच्या कानावर घातलं. पण अप्पा त्यांना थोरल्या दिरासारखे. त्यांच्यापुढं आत्याबाई पदर वर करत नसत, तिथं तोंड कुठलं उघडणार? "मेले तरी न्हाय दाखवणार!"

अप्पांनी काय करावं? दाराकडं पाठ करून अंगणात उभे राहिले, आरसा खांद्यावर धरला आणि कवडसा मागं उंबऱ्यात सोडला! "सूनबाई, तुमी बघा आन मला सांगा." कवडसा कधी आत्याबाईंच्या नाकावर, कधी उतरंडीवर.

"अप्पा, खाली घ्या! आता डावीकडं! आत्याबाई, हसू नका हो!"

"पाठमोऱ्या माणसानं घेतलेला बैल कसा निघंल गं?" आत्याबाई पदराआडनं.

आणि मला दिसला. गोळी ठेवायच्या जागीच, चिंचोक्याएवढा पांढरा डाग.

"पुसा."

"पुसला. जात न्हाय."

"बोट फिरवा. मऊ का खरबरीत?"

"खरबरीत."

आरसा खाली आला. "उद्याची पहिली मोटार," अप्पा म्हणाले. आत्याबाईंचं हसू तिथंच थांबलं.

आमचे मालक नोकरीला परगावी, म्हणून आम्ही तिघंच निघालो. निजामाच्या सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. शिपाई म्हणाला, "गठडी खोलो." अप्पा म्हणाले, "खोलता हूँ. पहले तुम मुँह खोलो!" अख्खी मोटार पोट धरून हसली. शिपायाचा गाल निर्मळ निघाला, तेव्हा कुठं अप्पा गाडीत बसले!

दवाखान्यात मात्र ते आत आले नाहीत. समोरच्या निंबाखाली बसले. डॉक्टरांनी डागाचा कणभर तुकडा तपासायला काढून घेतला. "तंबाखू आजपासून बंद. आठ दिवसांनी या." डबी आत्याबाईंनी आपल्या हातानं उकिरड्यात टाकली.

आठव्या दिवशी मी दवाखान्यातनं पळतच बाहेर आले, पदराचं भान नाही. "अप्पा! क्यान्सरचा रोग झालेला न्हाय! डाग त्या वाटंला लागला होता. तो काढून टाकू म्हणाले. वेळेवर आणलंत म्हणाले!"

मला वाटलं, आता हे नाचतील. ते निंबाच्या बुंध्याकडं बघत राहिले.

"माझ्या बायकूला हितंच आणलं होतं म्या," म्हणाले. ती मी नांदायला यायच्या आधीच गेलेली. "डाक्टर म्हणला, पांढरं होतं तवा आणाय पायजे होतं. पंधरा वर्सं संसार केला, सूनबाई. पर घरात आईबाप, दिवसा बायकूच्या तोंडाकडं बघायची सोय न्हवती. तिचं जेवण कमी झालं, मला वाटलं उपास धरलाय. आन म्या दर बाजाराला बैलांची तोंडं बघत हिंडतोय."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "डाक्टर काय म्हणला? पुन्यांदा सांगा."

"वेळेवर आणलंत म्हणाले."

नळदुर्ग येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडनं चारदा म्हणवून घेतलं.