कट म्हटलं की कातरायचं

भुताच्या बाबतीत आटपाडी तालुक्यात माझ्याएवढा अनुभवी माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! म्हणजे भूत मी पाहिलेलं नाही. पण भुताचे पिक्चर? एक सोडलेला नाही. औंधच्या यात्रेत तंबूतली टॉकीज यायची, तेव्हा पुढं मातीत बसून मी ते सगळे पाहिले. प्रत्येकात धूर तोच, केसाळ मुखवटा तोच, आणि रक्त तर चक्क टोमॅटोच्या चटणीचं! बाई एकटीच विहिरीकडं निघाली, की आता हिचं काही खरं नाही हे अख्ख्या तंबूला कळायचं. तरीही प्रत्येक जण शेजाऱ्याचा दंड धरून बसायचा.

त्यामुळे माझी मुलगी कशिश त्या शुक्रवारी रडवेला चेहरा करून घरी आली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

कशिश सांगलीला कॉलेजात सिनेमा शिकते. तिच्याकडून मला कळलं होतं, की आता जगभर लोक मुद्दाम त्या जुन्या, स्वस्तातल्या भुताच्या पिक्चरसारखे नवे पिक्चर काढतात. चांगला महागाचा कॅमेरा घेतात आणि वर पडद्यावर ओरखडे पाडतात!

"त्याला मानवंदना म्हणतात, अब्बा."

"ओरखड्यांना?"

"त्या पिक्चरना!"

तिनं परीक्षेसाठी तसाच दहा मिनिटांचा पिक्चर केला होता. सरांनी तो पाहिला आणि खाली शेरा मारला, 'मानवंदना पोचली. भीती पोचली नाही. पुन्हा करून आणा.' सोमवारी सकाळी दहाला बाहेरून परीक्षक येणार होते. त्यांना हा दुसरा पिक्चर बघून भीती वाटली तर पास, नाहीतर अख्खं वर्ष गेलं. तिसरी संधी नव्हती.

"भूत माझ्यावर सोड," मी म्हणालो. "परीक्षकाला झोपेत दचकवतो की नाही बघ!"

माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. तीस वर्षांत मी शिवलं नाही असं काही नाही, मग भूत काय अवघड? कापड घरचं, मशीन घरची, हात घरचा. फक्त केस हवे होते. ते मी तात्याबाकडून आणले. तात्याबाची साठ-सत्तर मेंढरं आहेत आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याचं कातरण चालू होतं. त्यानं काळ्या लोकरीचं पोतं माझ्या पुढ्यात टाकलं.

"काय करतुयास रं मुजीबा एवढ्या लोकरीचं? घोंगडं?"

"भूत."

तात्याबानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "बगाया येतू मी," एवढंच म्हणाला.

शनिवारी दिवसभर बसून मी डोक्यापासून पायापर्यंत एक अंगरखा शिवला आणि त्यावर लोकर टाचली. मुखवटा गोणपाटाचा. त्याचं तोंड मी बाहेरून सुतळीनं शिवून टाकलं, कारण तोंड शिवलेलं भूत जास्त भयानक दिसतं. ही माझी स्वतःची कल्पना! तिचा मला पुढं किती पश्चात्ताप झाला, ते येईलच.

रविवारी दुपारी आम्ही ओढ्याकाठच्या बाभळीत पोचलो. होय, दुपारीच! जुन्या पिक्चरमध्ये रात्रीचे सीन भर उन्हात काढायचे, भिंगापुढं निळी काच लावून. कशिशची मैत्रीण समीक्षा कॅमेऱ्यावर होती, ती तशी काच घेऊनच आली होती. नव्हती आली ती हिरॉइन. सांगलीची मुलगी, शनिवारीच तापानं फणफणली.

"अम्मी, तू उभी राहा ना," कशिश म्हणाली.

माझी बायको मेहरुनबी आमचे डबे घेऊन आली होती. "मी? काय करायचं?"

"काही नाही. झाडामागून भूत येईल, त्याला बघून घाबरायचं."

"भूत कोण हाय?"

"अब्बा."

मेहरुनबी जी हसायला लागली, ती डबा खाली ठेवून दगडावर बसली! "चोवीस वर्सं बगतीया ह्या मानसाला," डोळे पुसत ती म्हणाली. "आता कशी भिऊ?"

हे काही जमायचं नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं. पण बोलून दाखवायची सोय उरली नव्हती. अंगरख्याची चेन लोकरीत अडकून बसली होती, म्हणून कशिशनं मला आत घालून पाठीवर टाके मारून टाकले होते. वर मुखवटा, तोही मानेशी शिवलेला. आता मी भुतात पॅकबंद होतो! नाकाशी दोन भोकं होती, त्यातून मेंढराचा वास तेवढा येत होता. डोळ्यांवर लोकर आलेली. "दिसत नाही" म्हणायला गेलो, तर बाहेर फक्त "म्म्म" गेलं.

"वा अब्बा! हाच आवाज ठेवा!" कशिश म्हणाली.

नशिबानं तिच्याच लक्षात आलं, की डोळ्यांवर फार केस आलेत. तात्याबा वेळेवर आला होता, कातरण सोडून तसाच आलेला, कमरेला कातर. कशिश त्याला म्हणाली, "काका, एवढा शॉट होऊ दे. मी कट म्हटलं की ह्यांचं जरा कातरा."

"कट म्हन्लं की कातरायचं. बरं," तात्याबा म्हणाला.

वाचकहो, हे वाक्य लक्षात घ्या. त्या पोरीला फक्त डोळ्यांवरचे केस म्हणायचे होते, आणि तेही एकदाच. पण तात्याबानं सबंध आयुष्यात सांगितलेलं काम अर्धं सोडलेलं नाही.

"ॲक्शन!"

मी झाडामागून निघालो. हात वर, "म्म्म!" मेहरुनबी फिस्सकन हसली.

"कट!"

कच्. डोळ्यांपुढची लोकर गेली. थोडंसं दिसायला लागलं.

"पुन्हा. ॲक्शन!" मी "म्म्म!" मेहरुनबी पदर तोंडात कोंबून हसली. "कट!" कच्, कच्.

प्रत्येक कटनंतर कशिश आणि समीक्षा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकी घालायच्या आणि त्यांचीच बाचाबाची चालायची. मी पाठमोरा चालत झाडामागं जायचो. तात्याबा माझ्या मागोमाग. मला वाटलं, म्हातारा कौतुकानं येतोय! खांद्याला जरा गार लागलं, मी म्हटलं वारा सुटला. मांडीला गार लागलं, मी म्हटलं बरंच सुटला. आणि इकडं प्रत्येक वेळी मेहरुनबीचं हसू वाढतच चाललेलं. आधी ती तोंड दाबून हसत होती. आठव्या वेळेला ती मांडीवर थापा मारून हसायला लागली.

"अम्मी, प्लीज!" कशिशचा आवाज चिरकला. "ऊन उतरलं की संपलं. एकच बॅटरी राहिलीय. माझं वर्ष जाईल गं!"

दोन रात्री ही पोर जेवली नव्हती. मेहरुनबीचंही हसू गेलं. "न्हाई हसत. खरंच न्हाई हसत," ती म्हणाली.

ती पदर सावरून जागेवर उभी राहिली. ओढ्यात बेडूक ओरडत होते. बाभळीच्या सावल्या लांब झालेल्या. समीक्षानं शेवटची बॅटरी घातली. मी झाडामागं उभा राहिलो आणि मनातल्या मनात सगळ्या जुन्या भुतांची आठवण काढली. घाम डोळ्यांत उतरत होता. श्वास पुरत नव्हता. आता हसली तर पोरीचं वर्ष गेलं. आता हसली नाही तर पोरगी तरली.

"ॲक्शन."

मी एक पाऊल टाकलं. मेहरुनबी हसली नाही. दुसरं पाऊल टाकलं. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले. ओठ घट्ट दाबलेले. कशिश श्वास रोखून उभी. तिसरं पाऊल. झालं, जमलं! मी पूर्ण ताकद लावून हात वर केले आणि उजेडात आलो.

तेव्हा पहिल्यांदाच कशिशनं मला त्या छोट्या निळ्या पडद्यात न बघता नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. उजव्या अंगाला भूत होतं. डाव्या अंगाला नुसता अंगरखा!

"भुताचे केस कुठं गेले?" ती किंचाळली. "कट!"

तात्याबा झाडामागून बाहेर आला. कंटाळला होता बिचारा! तासभर एक-एक झुबका कातरून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"उभ्या जनावराचं कुटं कातरन हुतंय व्हय?" असं म्हणून त्यानं माझा पाय धरला आणि असा पिरगळला, की मी धाडकन उताणा! छातीवर गुडघा. दोन्ही मनगटं एका मुठीत. एवढ्या ताकदीचा म्हातारा मी पाहिला नाही. उन्हात कातर चमकली आणि माझ्या गळ्याशी आली.

"म्म्म! म्म्म!" मी ओरडलो. म्हणजे, 'अरे मी आहे, मुजीब!'

"गप रं, गप. झालंच," तात्याबा मायेनं म्हणाला. मेंढराला म्हणतात तसं.

"कट!" कशिश ओरडली.

कातर जोरात चालायला लागली.

"काका, कट! कट! कट!"

"आगं करतूय की पोरी, किती घाई!" कच् कच् कच् कच्! गळ्यावरून छातीवर, छातीवरून पोटावर. मी पाय झाडले, तसा त्यानं गुडघा आणखी रोवला. कशिश जितकी मोठ्यानं ओरडेल, तितका तात्याबाचा हात पळत होता. श्वास बंद झाला. डोळ्यांपुढं अंधारी आली. मला वाटलं, आपण मरणार, आणि तेही लोकरीत!

तेवढ्यात मेहरुनबी किंचाळली.

ती किंचाळी मी जन्मात विसरणार नाही. बाभळीवरचे बगळे उडाले! "तात्याबा, थांबा वो! फाडलं! फाडलं! सोन्यासारखं हुतं वो माझं!" ती धावत आली, तात्याबाच्या हाताला लोंबकळली आणि तशीच मातीत बसून रडायला लागली.

तात्याबानं कातर बाजूला ठेवली. "काय झालं वयनी?"

"काका, कट म्हणजे थांबा!" कशिश मधे येऊन उभी राहिली.

"मग थांबा म्हनायचं! कट म्हनल्यावर मानूस कातरनार न्हाई तर काय करनार?"

मला उसवून बाहेर काढलं तेव्हा ऊन गेलं होतं आणि बॅटरीही. समीक्षाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यामुळं तिनं कॅमेरा बंद केलाच नव्हता. सगळं चित्रित झालं होतं. कशिश घरी येऊन रात्रभर बसली. दुसरं काहीच हाताशी नव्हतं, म्हणून तिनं तेच जोडलं आणि पहाटेच्या एस.टी.नं सांगलीला घेऊन गेली.

सोमवारी दुकानात मी सुईत दोरा ओवू शकलो नाही. दोन ब्लाउजना उलट्या बाह्या लावल्या. साडेअकराला फोन वाजला.

"अब्बा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मी मशीनचा कोपरा धरला. "अब्बा, पास! परीक्षकांच्या हातातला कप पडला!"

परीक्षकांनी तो शेवटचा सीन दोनदा लावायला सांगितला म्हणे. भुताची लोकर प्रत्येक शॉटला कमी होत जाते, हे 'भुतातला माणूस हळूहळू उघडा पडण्याचं प्रतीक' आहे, असं त्यांनी लिहून दिलं. कातर घेऊन शांतपणे "गप रं" म्हणणारा म्हातारा त्यांना जुन्या सगळ्या खुन्यांपेक्षा थंड वाटला. तात्याबाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "थंड कुटं, मला घाम सुटला हुता!" भुताच्या कामाबद्दल एक अक्षर नव्हतं. असू दे. पण खाली शेवटचं वाक्य होतं, 'त्या स्त्रीची किंचाळी अभिनय वाटतच नाही. आपलं सर्वस्व डोळ्यांदेखत जाताना पाहणाऱ्या बाईची ती किंचाळी आहे.'

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. चोवीस वर्षं ही बाई मला हसते आहे. तिच्या मनात माझ्यासाठी एवढं असेल असं कधी वाटलं नव्हतं. दुकान बंद करून मी तडक घरी गेलो. जाताना पाव किलो जिलेबी घेतली.

"मेहरुन," जिलेबी पुढं करत मी म्हणालो. "काल तू माझ्यासाठी जी ओरडलीस..."

"तुमच्यासाठी?" ती भाकरी थापायची थांबली. "तुमच्यासाठी कशाला? तात्याबाच्या कातरीनं कवा एका कोकराला ओरखडा गेलाय का? वरचं कापड फाटलं न् आतनं माझं मखमल दिसलं! हिरवंगार! दोन वर्सं झाली, ईदचा कमीज शिवा म्हनून दुकानात टाकलंय. तुमी त्येचं भुताला अस्तर लावलं? आन् त्येनं ते पोटापासनं टराटरा फाडलं!"

मी जिलेबीचा पुडा हळूच खाली ठेवला. लोकर टोचते म्हणून आतून काहीतरी मऊ हवं होतं, आणि फळीवर ते हिरवं कापड कधीचं पडलेलं. कुणाचं ते मला खरंच आठवलं नाही. दोन वर्षं तिला मी सांगत होतो, या ईदला नक्की शिवतो.

शिवलं होतंच की. फक्त माप माझं होतं.