भोंग्याचे अण्णा

आमच्या ढोकीच्या गल्लीत पहाटे जो भोंगा होतो, तो साखर कारखान्याचा नसतो. तो अण्णांच्या तोंडचा असतो. अंगणात उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, ते असा लांबलचक आवाज काढतात की पूर्वी गल्लीतली कुत्री पळ काढायची. आता ती नुसती कूस बदलतात. भोंगा झाला की दहावी-बारावीच्या पोरांनी पुस्तक उघडायचं, हा अण्णांचा कायदा. ज्या घरात दिवा लागत नाही, त्या दारावर त्यांची काठी वाजते.

अण्णा कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले. जन्मभर माणसांच्या हजेऱ्या लावल्यामुळे अभ्यासाचं वेळापत्रकही त्यांना पाळ्यांमध्येच सुचतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टीने रेघा मारायच्या. पहिल्या पाळीला गणित, दुसरीला विज्ञान, तिसरीला उजळणी. संध्याकाळी पोरं ओट्यावर दिसली की विचारणार, "आज गाळप किती?" गाळप म्हणजे वाचून झालेली पानं. सराव परीक्षेतले गुण म्हणजे साखरेचा उतारा. समोरच्या घरातल्या मुलीचा उतारा एकदा फारच खाली गेला, तेव्हा अण्णा तिच्या आईला म्हणाले, ऊस चांगलाय, पण पाणी लई पाजलंय. पाणी म्हणजे लाड. ती माउली आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

चालढकलीचं नाव काढलं की अण्णांचा पारा चढायचा. "तोडलेला ऊस फडात ठिवायचा न्हाई. वाळतो, वजन घटतं. हातात घेतलेला धडा बी तसाच." 'उद्या करतो' म्हणायची कुणाची छाती नव्हती. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेलेल्या पोरीला त्यांनी प्रकाशाचे नियम म्हणायला लावले आणि मगच चिवड्याला हात लावला. लोक हसायचे. मीही हसायचो. पण माझी पल्लवी बारावीला गेली, तेव्हा मीच अण्णांच्या दारात जाऊन कॅलेंडरचं पान मागून आणलं. अडला हरी, दुसरं काय.

पल्लवीला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेश परीक्षा नेमकी चैत्री पौर्णिमा झाल्या झाल्या. पोर मुकाट्याने राबत होती. खरं सांगायचं तर भिंतीवरच्या त्या पानाचा धाक तिच्यापेक्षा मलाच जास्त होता.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडाई देवीची जत्रा भरते. पालखी चुन्याच्या रानात येते, तेव्हा माणसं रानातले चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीची सेवा म्हणून ढिगावर नेऊन टाकतात. माझी बायको दरवर्षी जाते. यंदा म्हणाली, पोरीलाही नेते. पास झाली की ती लांब जाईल, मग कुठली माझ्याबरोबर येतेय. मी साफ नाही म्हणालो. परीक्षा तोंडावर आहे, येडाई काय कुठं पळून जात नाही, पुढच्या वर्षी ने. पल्लवीने पुस्तक जवळ ओढलं, पण पान काही उलटलं नाही. शेजारून अण्णांनी ऐकलं असेल तर माझी पाठ थोपटतील, असं मला वाटलं.

अण्णांनी ऐकलंच होतं. पायात चपलाही न घालता ते आले. भिंतीवरचं वेळापत्रक काढलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"बापू, पोरीला जाऊ द्या."

मी म्हणालो, अण्णा, निदान तुम्ही तरी असं म्हणू नका.

ते उंबऱ्याशी बसले. मग सांगू लागले. त्यांची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा त्यांच्या बायकोनेही असंच विचारलं होतं. लेकीला घेऊन येडाईला जाऊन येते, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. अण्णांनी भिंतीवरच्या पाळ्यांकडे बोट दाखवलं होतं.

"म्या म्हणलं, पुढल्या साली जा. पोरगी लई चांगली पास झाली, बापू. पर पुढल्या सालाला तिची आई न्हवती."

मुलगी नोकरीच्या गावी, घरात अण्णा एकटे. त्यांच्या भोंग्याला आम्ही इतकी वर्षं हसलो आणि त्या घरात त्यांना ओ द्यायलाही कुणी नाही, हे कुणाच्या मनात आलं नाही. फार वाईट वाटलं.

जत्रेला आम्ही सगळे एसटीने गेलो. अण्णांना मी जवळजवळ ओढूनच नेलं. बायको गेल्यापासून ते येरमाळ्याला फिरकलेच नव्हते. रानात पाय ठेवायला जागा नव्हती. पल्लवी आणि तिची आई एकमेकींना खडे दाखवत वाकून वेचत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी पोर खळखळून हसत होती. अण्णाही गुडघ्यावर हात टेकत वाकले. खडे वेचले, ढिगावर टाकले, हात जोडले. आणि परत रानात जाऊन वाकले. ऊन चांगलंच चढलं होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, अण्णा, तुमचं झालं की आता, चला सावलीला.

त्यांनी मान वर केली नाही.

"माझं झालं, बापू. तिचं ऱ्हायलंय."